७५० पैकी २८२ : बाबासाहेबांच्या परीक्षा आणि आपली कॉपी

सन १९०७. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलचा विद्यार्थी भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. त्याला ७५० पैकी २८२ गुण होते. टक्केवारी काढली तर ३७.६. आज असा निकाल कुणी मोबाइलच्या स्टेटसला ठेवणार नाही. पण त्या काळी अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक होणे ही एवढी मोठी गोष्ट होती की लोकांनी त्याच्या सत्कारासाठी सभा भरवली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावाला भेट दिले. पुढे १९५६ मध्ये जे घडले, त्याचे एक बीज या सभेत पडले.

या गोष्टीतले बुद्धचरित्र आपल्याला पाठ आहे. २८२ हा आकडा मात्र आपण भराभर ओलांडून पुढे जातो. महामानवाच्या चरित्रात ३७ टक्के शोभत नाहीत, असे कुठेतरी वाटत असावे. मला मात्र तो आकडा फार मोलाचा वाटतो, कारण त्यातला एकेक गुण त्या मुलाचा स्वतःचा होता.

आज हे लिहिण्याचे कारण आपल्या वस्त्यांतून, वसतिगृहांतून, अभ्यासिकांतून दरवर्षी ऐकू येणारा एक प्रश्न आहे. फेब्रुवारी-मार्च आला की कॉपीमुक्त अभियानाचे फलक लागतात, भरारी पथके फिरतात आणि तरी चिठ्ठ्या खिडकीतून आत जातात. मग आपली मुले विचारतात : वर्षभर शाळेत गणिताला शिक्षकच नव्हते, क्लास लावायला घरी पैसे नाहीत, शेजारच्या केंद्रावर सगळे सर्रास लिहितात, तर आम्हीच का मागे राहायचे? व्यवस्था आमच्याशी प्रामाणिक नाही, मग आम्ही व्यवस्थेशी का प्रामाणिक राहायचे? मित्राला दोन उत्तरे दाखवली तर त्यात पाप कसले?

हे प्रश्न उडवून लावण्यासारखे नाहीत. विचारणारी मुले वाईटही नाहीत. त्यांना नीट उत्तर द्यायचे तर नुसता उपदेश पुरणार नाही. ज्या माणसाला व्यवस्थेशी अप्रामाणिक वागण्याची सर्वांत जास्त कारणे होती, त्याने काय केले ते पाहावे लागेल.

मीराआत्याची पिशवी

बाबासाहेबांच्या बालपणातला एक प्रसंग त्यांनी स्वतःच पुढे सांगितला आहे. साताऱ्याचे दिवस. आई भीमाबाई गेलेली. वडील रामजी सुभेदारांनी दुसरे लग्न केलेले. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भीम आतून धुमसत असे. आपण कुणावर अवलंबून राहू नये, स्वतःचे पोट स्वतः भरावे, असे त्याच्या मनाने घेतले. साताऱ्याकडची मुले मुंबईच्या गिरण्यांत कामाला लागतात हे त्याच्या कानावर होते. मुंबई गाठायची, पण गाडीभाड्याला पैसे नाहीत. मग त्याने आत्याची पैशांची पिशवी चोरायचे ठरवले. ही मीराआत्या म्हणजे त्याच्यावर जीव टाकणारी, आईच्या मागे त्याला सांभाळणारी. ती पिशवी कमरेला खोचून झोपायची आणि भीम तिच्याच शेजारी.

तीन रात्री त्याने प्रयत्न केला, जमले नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती आली. उघडून पाहिली तर आत अर्धा आणा.

अर्ध्या आण्यात मुंबई गाठता येत नाही. त्या चार रात्रींच्या धडधडीने मात्र एक काम केले. पैसे मिळवण्याची ही वाट लाजिरवाणी आहे, हे त्या मुलाला कळले आणि त्याने दुसरी वाट धरली. नेटाने अभ्यास करायचा, परीक्षा भराभर पास व्हायच्या आणि स्वतःच्या पायावर उभे राहायचे.

या प्रसंगाकडे आपल्या तरुणांनी नीट पाहावे. बाबासाहेब जन्मतःच निर्मोही, कधीच न चुकणारे देवपुरुष होते, असे ते स्वतःच सांगत नाहीत. त्यांनाही मोह झाला, कारणही खरे होते, गरजही खरी होती. फरक एवढाच की त्यांनी त्या रात्री स्वतःशी खोटे बोलण्याचे टाळले. आणि चोरीच्या जागी त्यांनी जी गोष्ट निवडली ती होती परीक्षा. ज्या माणसाने परीक्षा चोरीला पर्याय म्हणून निवडली, त्याच्या लेखी परीक्षेतली चोरी म्हणजे काय असेल, हे वेगळे सांगायला नको.

परळची खोली

पुढे कुटुंब मुंबईत परळला डबक चाळीतल्या एका खोलीत आले. त्या एका खोलीतच स्वयंपाक, झोप आणि अभ्यास. सगळ्यांना एकदम आडवे व्हायला जागा नव्हती. म्हणून भीम लवकर झोपायचा आणि रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागे राहायचे. दोन वाजता ते मुलाला अभ्यासाला उठवायचे आणि त्याच्या जागेवर स्वतः पाठ टेकायचे. उशाशी जाते, पायाशी शेळी आणि मिणमिणता दिवा. मोठा भाऊ आनंदराव शाळा सोडून नोकरीला लागला, कारण दोघांचा खर्च घराला झेपत नव्हता. पुस्तक हवे झाले की रामजीबाबा लग्न झालेल्या मुलींकडे जात, उसने पैसे आणत, नाहीतर एखादा दागिना गहाण टाकत.

शाळेत काय वाट्याला आले तेही आपण जाणतो. साताऱ्यात बसायला वेगळे तरट. मुंबईत फळ्यावर गणित सोडवायला बोलावले तर फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून वर्गातल्या मुलांची धावपळ. संस्कृत शिकायची इच्छा होती, शिक्षकांनी शिकवायला नकार दिला. नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. अभ्यास करू नको असे ज्या शाळेने पदोपदी सांगितले, त्या शाळेचा पेपर कसाही सोडवला असता तरी त्या मुलाला दोष देणे कठीण गेले असते.

तरीही त्याने फारसीचा अभ्यास केला. मन लावून केला. एल्फिन्स्टन कॉलेजात केळुसकर गुरुजींच्या खटपटीने सयाजीराव महाराजांची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. प्रोफेसर मुल्लर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. १९१२ मध्ये इंग्रजी आणि फारसी हे विषय घेऊन भीमराव बी.ए. झाले. नाकारलेली संस्कृतही पुढे त्यांनी स्वतःच्या मेहनतीने शिकून घेतली, तेव्हा त्या विषयाची कुठली परीक्षा समोर नव्हती. ज्ञान हवे होते म्हणून शिकले.

इथे एक गोष्ट लक्षात येते. गुण आणि ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना फार लवकर उमगले होते. शाळा गुण देऊ शकते, अडवूही शकते. ज्ञान मात्र कुणी अडवू शकत नाही आणि कॉपी करून ते मिळतही नाही.

अमेरिका, लंडन आणि बुडालेली पेटी

१९१३ च्या फेब्रुवारीत रामजीबाबा गेले. त्याच वर्षी ४ जूनला भीमरावांनी बडोदा संस्थानाशी करार केला : परदेशात शिकायचे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. नव्या देशाचे, मोकळेपणाचे अप्रूप त्यांनाही होते. सुरुवातीचे काही दिवस मित्रांबरोबर हिंडण्यात, खेळण्यात गेले. मग एका रात्री घरची माणसे आठवली, आपण इथे कशासाठी आलो हे आठवले आणि ते पुस्तकांकडे वळले ते कायमचे.

कोलंबिया विद्यापीठात त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी आजही थक्क करते. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३. कमीत कमी कष्टांत पदवी पदरात पाडून घेण्याची ही रीत नव्हे. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरचा आपला प्रबंध डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचला. त्याच वर्षी डॉक्टरेटचा प्रबंधही सादर झाला.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, दोन्ही एकदम सुरू केले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये परतावे लागले. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने विद्यापीठाने अभ्यास पुरा करण्यासाठी चार वर्षांची सवलत दिली, तेवढा एक धागा हाती राहिला. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान आणि पुस्तके दुसऱ्या बोटीने पाठवली होती. ती बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. सामानाच्या नुकसानीचे जे पैसे मिळाले, त्यातून त्यांनी बडोद्याला जाण्याचा खर्च भागवला.

पारशी धर्मशाळेतले नाव

आता बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या त्या प्रसंगाकडे येऊ, ज्याच्याशी आपल्या विषयाचा सर्वांत अवघड धागा जुळतो. ते स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत तो सविस्तर सांगतात.

कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेला हा तरुण बडोद्याला उतरला तेव्हा त्याला राहायला जागा मिळेना. हिंदूंच्या खाणावळीत प्रवेश मिळणार नव्हता. म्हणून तो पारशी धर्मशाळेत गेला. तिथल्या माणसाच्या लक्षात आले की हा पारशी नाही. विचारल्यावर त्याने आपण हिंदू असल्याचे सांगितले. धर्मशाळा फक्त पारशांसाठी होती. पण तिथे दुसरे कोणी उतरलेले नव्हते आणि रखवालदाराला चार पैसे हवे होते. दोघांत ठरले : वहीत एक पारशी नाव लिहायचे आणि रोजचा दीड रुपया द्यायचा.

म्हणजे बाबासाहेब खोट्या नावाने राहिले. त्यांनी ते लपवले नाही, त्याला गोंडस नावही दिले नाही. ओसाड धर्मशाळेत, अंधुक उजेडात, उघडकीस येण्याच्या धास्तीत दिवस काढले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहिले. आठ दिवसांची मुदत मागितली, तीही मिळाली नाही. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन मित्रांना आसरा मागितला. दोघांनी सबबी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री होती. तोवर पाच तास ते कामाठी बागेत बसून राहिले. बडोद्याची नोकरी तिथेच सुटली आणि दहा वर्षांचा करार पाळणे अशक्य झाले.

आता एखादा मुलगा म्हणेल : बाबासाहेबांनी छपरासाठी खोटे नाव लिहिले, मग मी गुणांसाठी चिठ्ठी लिहिली तर काय बिघडले? अन्यायी व्यवस्थेपुढे दोघेही लाचारच ना?

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही नीट पाहू. धर्मशाळेतली ती खोली रिकामी होती. बाबासाहेब तिथे राहिले म्हणून दुसऱ्या कुणाची जागा गेली नाही. माणूस म्हणून छप्पर मिळणे हा त्यांचा हक्क होता आणि तो हक्कच जातीने हिरावला होता. परीक्षेची गोष्ट वेगळी आहे. गुणवत्ता यादीत जागा मोजक्या असतात. न कमावलेले पाच गुण मी घेतले की कुणीतरी पाच गुणांनी खाली जातो. तो कोण असतो? अनुसूचित जातीच्या यादीत माझ्या खालोखाल ज्याचे नाव असते तो आपल्याच वस्तीतला असतो. त्याच्याही शाळेत शिक्षक नव्हते, त्याच्याही घरी क्लासला पैसे नव्हते, पण त्याने चिठ्ठी नेली नाही. मी व्यवस्थेला फसवले असे मला वाटते. खरे तर मी त्याला फसवलेले असते. पंचशीलात न दिलेले घेऊ नये असे जे शील आपण रोज म्हणतो, त्याचा अर्थ वर्गात बसल्यावर असा उघडा होतो.

दुसरे असे की खोट्या नावाने बाबासाहेबांना अकरा दिवस छप्पर दिले आणि तेही धास्तीचे. पुढच्या आयुष्यात त्यांनी ती युक्ती इतरांना शिकवली नाही. कुणालाच खोटे नाव लिहावे लागू नये यासाठी ते झगडले. आज राज्यघटनेच्या १५ व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले धर्म-जात न पाहता सर्वांना खुली आहेत आणि १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली आहे. अन्यायाला त्यांनी दिलेले उत्तर हे आहे. शाळेत शिक्षक नाहीत या अन्यायाला चिठ्ठी हे उत्तर होऊ शकत नाही, कारण चिठ्ठीने पुढच्या वर्षीही शिक्षक येत नाही. उलट निकाल चांगला लागला म्हणून ती रिकामी जागा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

परत आलेला प्रबंध

१९१८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. एवढ्या पगारात परळच्या चाळीतून बाहेर पडता आले असते. त्यांनी पैसा साठवला. थोडी मदत शाहू महाराजांनी केली, पाच हजार रुपये मित्र नवल भथेना यांनी कर्जाऊ दिले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ग्रंथालयात, पोटाला जेमतेम. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. १९२२ च्या ऑक्टोबरात 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी सादर केला.

१९२३ च्या मार्चमध्ये ते जर्मनीत बॉन येथे असताना बोलावणे आले. ब्रिटिशांच्या चलनधोरणावर प्रबंधात जी कडक टीका होती ती परीक्षकांना खटकली होती. प्रबंध पुन्हा लिहून द्यावा लागणार होता. जवळचे पैसे संपत आले होते, घरी कुटुंब ओढगस्तीत होते. अशा वेळी परीक्षकांना जे आवडेल ते लिहून मोकळे होणे किती सोपे होते! चार निष्कर्ष मवाळ केले असते तर कुणाला कळलेही नसते.

ते मुंबईला परतले, प्रबंध पुन्हा लिहिला, पण निष्कर्ष बदलले नाहीत. ऑगस्टमध्ये तो लंडनला पाठवला आणि वर्ष संपण्याआधी पदवी मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरात तो ग्रंथरूपाने निघाला. त्याला प्रस्तावना आहे प्राध्यापक कॅनन यांची आणि त्या प्रस्तावनेत कॅनन यांनी लेखकाच्या काही मतांशी आपण सहमत नसल्याचे उघड लिहिले आहे. बाबासाहेबांनी ती आपल्याच पुस्तकाच्या सुरुवातीला जशीच्या तशी छापली. ज्याचा अभ्यास स्वतःचा असतो, त्याला मतभेदाची भीती वाटत नाही. ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला.

हा अभ्यास स्वतःचा होता म्हणून पुढे उपयोगी पडला. १९२५ मध्ये भारताच्या चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि प्रश्नांना उत्तरे दिली. संविधान सभेत मसुद्याच्या कलमाकलमावर आलेल्या हरकतींना ते दिवसेंदिवस उत्तरे देत उभे राहिले. अशा जागी उतरवून काढलेली पदवी तोंड उघडत नाही.

श्रेय कुणाचे

२५ नोव्हेंबर १९४९. संविधान सभेत बाबासाहेबांचे समारोपाचे भाषण. सभासदांनी त्यांचे भरभरून कौतुक केले होते. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या कामावर आपले एकट्याचे नाव लिहून घेण्याची ती वेळ होती. त्यांनी उठून सांगितले की हे सगळे श्रेय आपले नाही. मसुदा समितीच्या विचारासाठी कच्चा मसुदा तयार करणारे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांचे नाव त्यांनी घेतले. समितीतल्या सहकाऱ्यांचे श्रेय मान्य केले. मसुदा शब्दांत बांधणारे मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी आणि त्यांच्या हाताखालचा कर्मचारीवर्ग, यांचेही ऋण त्यांनी बोलून दाखवले.

कॉपी म्हणजे दुसऱ्याच्या कष्टावर आपले नाव लिहिणे. बाबासाहेबांनी त्या दिवशी नेमके उलटे केले. आपल्या नावावर जमा होत असलेल्या कामातून दुसऱ्यांचे कष्ट वेगळे काढून ते ज्याचे त्याला परत दिले. यामुळे त्यांचे कर्तृत्व तसूभरही कमी झाले नाही.

मग मित्राला मदत करायची कशी?

उरला मित्राचा प्रश्न. पेपर कोरा जाणाऱ्या मित्राला उत्तर दाखवावेसे वाटणे, यामागे माया असते. ही माया टाकून देण्याजोगी नाही. तिची जागा तेवढी चुकते.

बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मदत कशी केली पाहा. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० मध्ये औरंगाबादला ते महाविद्यालय, ज्याला पुढे त्यांनी मिलिंद हे नाव दिले. राहायला खोली, वाचायला पुस्तक, शिकवायला शिक्षक. ही सगळी मदत परीक्षेच्या आधीची आहे. पेपर हातात पडल्यावर केलेल्या मदतीने मित्र एका वर्षापुरता तरतो आणि पुढच्या वर्गात अधिक खोल बुडतो.

मिलिंद हे नावही विचार करण्यासारखे आहे. मिलिंद हा वादविवादात कुणाला हार न जाणारा ग्रीक राजा. भिक्खू नागसेनांशी त्याने मोठी प्रश्नोत्तरे केली आणि उत्तरे पटली तेव्हा मोठेपणाने मान्य केली. राजा होता, आपणच जिंकलो अशी दवंडी पिटवू शकला असता. न कळलेले विचारणे आणि कळल्यावर तसे कबूल करणे हा विद्यार्थ्याचा गुण त्याच्याकडे होता. नागसेनवनाच्या परिसरात शिकलेल्या पिढ्यांनी हा वारसा घेतला आहे.

आजही हे करता येते. आपल्या विहारांत संध्याकाळची अभ्यासिका चालवता येते. दहावीच्या मुलांना बारावीच्या मुलींनी गणित शिकवता येते. शाळेत शिक्षक नसेल तर जूनमध्येच पालकांसह पंचायत समितीवर, शिक्षणाधिकाऱ्यांकडे निवेदन नेता येते, माहितीच्या अधिकारात रिक्त जागांची यादी मागता येते. हे काम चिठ्ठी फेकण्याहून कष्टाचे आहे, पण चळवळ म्हणतात ती हीच.

आणि कॉपीच्या बाजाराचा फायदा कुणाला होतो, हेही डोळे उघडून पाहिले पाहिजे. २०२१ मध्ये महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षेतला गैरव्यवहार पुणे पोलिसांनी उघडकीस आणला, पैसे घेऊन नापासांना पास केल्याचे ते प्रकरण होते. २०२४ मध्ये नीटचा पेपर हजारीबाग आणि पाटणा येथे फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले. फुटलेला पेपर विकत घ्यायला पैसा लागतो. ज्याच्या बापाकडे पैसा आहे तोच तो घेतो. परीक्षा विकली जाऊ लागली की पहिला बळी परळच्या एका खोलीत रात्री दोनला उठणाऱ्या मुलाचा जातो. प्रामाणिक परीक्षा हे गरिबाचे हत्यार आहे. ते बोथट करण्याला आपण हातभार लावायचा का?

आपल्या मुलांना सवलतीचे म्हणून हिणवले जाते, हेही खरे. त्यांची तोंडे बंद करण्यासाठी प्रामाणिक राहा, असे मी म्हणणार नाही. आरक्षण हा हक्क आहे आणि हक्कासाठी कुणापुढे गुणपत्रिका धरावी लागत नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर आपले गुण आपलेच आहेत, हे आपल्याला ठाऊक असावे. पुढे रुग्णाच्या खाटेशी, न्यायालयात, वर्गात फळ्यासमोर उभे राहिल्यावर त्याचीच ताकद लागते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. चोरी न करणे आणि खोटे न बोलणे या प्रतिज्ञा त्यांत आहेत. आत्याच्या पिशवीची गोष्ट स्वतः सांगणारा माणूस त्या प्रतिज्ञा देत होता. मोह काय असतो, गरज काय असते, हे त्याला माहीत होते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

येत्या परीक्षेत आपल्यापैकी कुणाला ९० टक्के पडतील, कुणाला ३७. तरुण मित्रांनो, ३७ पडले तर लाजू नका. त्यातला प्रत्येक गुण तुमचा असेल तर त्यावर पुढचे सगळे उभे राहू शकते. ७५० पैकी २८२ वर काय उभे राहिले, ते आपल्यासमोर आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!